कोजागिरीच्या रात्री सायकलवर मुंबई : पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

कोजागिरीच्या रात्री आम्ही प्रत्येक थांब्यावर एक आरोळी देतो. सगळ्यांत पुढचा विचारतो, "को जागर्ति?" आणि मागून आकडे येतात, "एक!", "दोन!", "तीन!"... या रात्री लक्ष्मी आकाशातून विचारत जाते, कोण जागं आहे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आम्ही तोच प्रश्न हजेरीला वापरतो. निघताना प्रत्येकाला एक आकडा दिलेला असतो. ज्या आकड्याला उत्तर येत नाही तो माणूस मागे राहिला, आणि तो सापडेपर्यंत कोणी पायडल मारत नाही.

शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नाही, तरी या रात्री यावंसं वाटतंय, अशांसाठी हे लिहिते आहे. दादरच्या आमच्या गटात दर वर्षी निम्मी माणसं नवी असतात. विशीतली पोरं येतात, तसे साठीला टेकलेले काका-काकूही येतात. ही शर्यत नाही. ज्याचा वेग सगळ्यांत कमी, तोच सगळ्यांचा वेग. एवढं पटत असेल तर तुम्हाला ही फेरी नक्की जमेल.

दिवस, वेळ आणि भरती

कॅलेंडरवर नुसती पौर्णिमा बघून तारीख ठरवू नका. "कोजागिरी" असं छापलेला दिवस धरा. पौर्णिमेची तिथी पुष्कळदा दोन दिवसांत वाटली जाते, आणि मध्यरात्री पौर्णिमा असेल ती रात्र कोजागिरीची.

पौर्णिमेचा चंद्र दिवेलागणीला उगवतो आणि बाराच्या आगेमागे डोक्यावर येतो. त्या वेळी मरीन ड्राइव्हवर असायचं, हे एकदा ठरलं की बाकीच्या वेळा आपोआप बसतात. आणखी एक हिशेब किनाऱ्यावरच्या घरांमध्ये आजीकडून नातवाकडे येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे होतं, पण मध्यरात्रीच्या सुमाराला समुद्र भरलेला असतो, आणि पौर्णिमेचं उधाण असल्यामुळे रोजच्यापेक्षा जास्त भरलेला. माथ्यावर चंद्र आणि कठड्याशी पाणी, दोन्ही एकाच तासात मिळतं. कठड्यावर खुशाल बसा. खालच्या टेट्रापॉडवर, म्हणजे काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांवर, मात्र कोणीही उतरायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. ते निसरडे असतात आणि भरतीचं पाणी सांगून येत नाही.

आमचं वेळापत्रक असं असतं. साडेआठला शिवाजी पार्कला जमायचं, सायकली तपासून साडेनऊला निघायचं, साडेअकराच्या आत मरीन ड्राइव्ह. तिथे तासभर थांबून गेटवे, फोर्ट, सीएसएमटी करत तीनच्या सुमाराला दादर. दुसऱ्या दिवशी कामाचा वार असेल तर सुट्टी टाका किंवा पुढे सांगितलेली छोटी फेरी करा. झोप न झालेल्या माणसाने सकाळी स्कूटर किंवा गाडी चालवू नये.

पंधरा दिवस आधीपासून

सराव फार लागत नाही, पण लागतो. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत तीन फेऱ्या मारा. पहिली पाच किलोमीटरची, सकाळी, रहदारी नसताना. दुसरी दहाची. तिसरी दहा-बाराचीच, पण रात्री नऊनंतर, दिवे लावून. ही तिसरी चुकवू नका. समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले की रस्त्यावरचा खड्डा क्षणभर दिसेनासा होतो. तो क्षण पहिल्यांदा आपल्या गल्लीत अनुभवलेला बरा.

पहिल्या फेरीनंतर बसायची जागा दुखेल. दुखू दे, तिसऱ्या फेरीपर्यंत कमी होतं. गुडघा दुखत असेल तर तो बहुतेक वेळा सीटच्या उंचीचा दोष असतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. गुडघ्यात वाकलेलाच राहिला तर सीट वर घ्या. नवीन माणसं दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि दहा किलोमीटरनंतर गुडघे धरून बसतात.

सायकल

घरात जी आहे ती चालेल. गिअरची हवी, रेसिंगची हवी, असं काही नाही. आमच्यातल्या गिरगावच्या एक काकू मुलीची वीस वर्षांपूर्वीची लेडीज सायकल घेऊन येतात, पुढे बास्केट, मागे कॅरिअर, आणि आख्खी फेरी पुरी करतात. सायकल नसेल तर दक्षिण मुंबईत रात्रीच्या फेरीसाठी भाड्याने मिळतात. कोजागिरीला मागणी असते, म्हणून आठवडाभर आधी सांगून ठेवा आणि ताब्यात घेताना दोन्ही ब्रेक स्वतः दाबून बघा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची. चाक सरकलं तर ती सायकल परत करा आणि दुसरी मागा. लाजू नका. मला एकदा अशीच सैल ब्रेकची सायकल मिळाली होती, आणि "चालेल, सावकाश जाऊ" म्हणून मी ती घेतली. ताडदेवच्या चौकात टॅक्सी आडवी आली तेव्हा मी पाय घासत थांबले. चप्पल फाटली, अंगठ्याचं नख गेलं. त्यानंतर मी ब्रेक बघितल्याशिवाय कोणाला निघू देत नाही.

आपल्याकडे सायकलीच्या देखभालीचा मुहूर्त ठरलेलाच आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतो, तेव्हा पाना, पंप, टायर लिव्हर, ॲलन कीचा संच बाहेर काढा आणि पूजेआधी सायकलवर वापरा. चेन केरोसीनच्या फडक्याने पुसून थेंब थेंब तेल, ब्रेकचे रबर झिजले असतील तर नवे, टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याइतकी हवा. दसऱ्याला झेंडूची माळ घाला आणि एक चक्कर मारा. काही कुरकुरत असेल तर अजून पाच दिवस हातात आहेत. कोजागिरीच्या संध्याकाळी सहा वाजता सायकलवाल्याकडे धावलात तर तो हात जोडेल.

पाच दिवसांच्या या अंतरात आणखी एक गोष्ट रस्त्यावर घडते. देवीचे मांडव निघतात. मांडव सोडताना खिळे, तारेचे तुकडे, सुतळीचे गुंते रस्त्याच्या कडेला राहतात, आणि कड म्हणजे नेमकी सायकलची जागा. एक जादा ट्यूब बरोबर असलीच पाहिजे, आपल्या टायरच्या मापाची. रात्री नाक्यावरचा पंक्चरवाला नसतो. ट्यूबची नळी जाड आहे की बारीक प्रेस्टा, तेही बघून ठेवा. प्रत्येक नळीला तिचाच पंप लागतो.

दिवे आणि सजावट

फेरीची सगळी मजा इथे आहे, म्हणून सविस्तर सांगते.

आधी कामाचे दिवे. पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही भरपूर चार्ज केलेले. मागचा लाल दिवा पिशवीने, जॅकेटने किंवा सजावटीने झाकला जात नाही ना, हे दुसऱ्याला मागे उभं करून बघायला सांगा. पुढचा दिवा किंचित खाली झुकवा, म्हणजे रस्ता दिसेल आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणार नाहीत. कपडे पांढरे किंवा फिकट. चांदण्यात पांढरं शोभतंही आणि ट्रकवाल्याला दिसतंही.

यानंतर हौस. बॅटरीवर चालणाऱ्या बारीक दिव्यांच्या माळा लोहार चाळीत मिळतात. माळ सायकलच्या दांड्याला गुंडाळायची, बॅटरीची डबी सीटखाली, आणि दर वीतभर अंतरावर प्लास्टिकचा टाय. टायची उरलेली शेपटी कापून टाका, नाहीतर मांडीला घासत राहते. गुंडाळून झालं की सायकल उचलून दोन्ही चाकं फिरवा, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा, ब्रेक दाबा. माळ कुठेही ताणली जाता कामा नये. लटकणारं टोक चाकात गेलं तर चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस पुढे जातो.

आकाशकंदील हवाच असेल तर छोटा घ्या, तळहातावर मावेल एवढा. कोजागिरीपर्यंत माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीचा माल लागायला सुरुवात झालेली असते. कंदील हँडलला टांगू नका. झुलतो आणि पुढच्या चाकाकडे जातो. मागच्या कॅरिअरला बांबूची हातभर काठी उभी बांधायची, तिच्या टोकाला कंदील, आणि कंदिलाच्या खालच्या झिरमिळ्या अर्ध्या कापायच्या. आत बॅटरीचा छोटा दिवा. मेणबत्ती किंवा पणती चालत्या सायकलवर कधीच नाही. वरळीला वारा सुटतो तेव्हा कागदाचा फडफडाट ऐकू येतो, म्हणून कागदी कंदिलाच्या आतल्या काड्यांना गोंदाचा एक हात जादा द्या.

मागून सायकल चालवताना पुढे असे वीस कंदील एका रांगेत हलताना दिसतात. चढावर रांग आखडते, उतारावर लांबते. गच्चीत दूध आटवत बसलेली माणसं कठड्यावर येऊन हात हलवतात. आपण घंटी वाजवायची.

साडी, ओढणी, सैल सलवार यांच्याबद्दल एवढंच: नेसा, पण खोचून. उजव्या पायाच्या घोट्याशी एक रबरबँड, कारण चेन त्या बाजूला असते. हेल्मेटची सक्ती कायद्याने नाही, आमच्याकडे आहे. हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं शिरतील इतकंच ढिलं ठेवायचं.

आणि गाणी. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी असते. ते नसतं तरी मी स्पीकर नको म्हटलं असतं, कारण मागून येणाऱ्या गाडीचा आवाज कानांवर यायला हवा. कानात इअरफोनही नको. गायचं तर मरीन ड्राइव्हला पोचल्यावर तोंडाने गावं.

रस्ता

शिवाजी पार्कहून सावरकर मार्गाने प्रभादेवी. सिद्धिविनायकापाशी बॅरिकेड असतात, तिथे एकेरी रांग. मग वरळी नाका आणि वरळी सी फेस. सी फेसला पहिला थांबा, पाच मिनिटं, पाणी आणि हजेरी. इथपर्यंत ज्याला दम लागला असेल त्याने आताच सांगावं, म्हणजे लीड, सगळ्यांत पुढचा, वेग उतरवतो.

सी फेस संपला की नेहरू तारांगणावरून हाजी अली. इथे नवे लोक दोन चुका करतात. पहिली, पेडर रोडला वळतात. तो चढ पायाचा जीव काढतो आणि पलीकडे केम्प्स कॉर्नरला उतार इतका लागतो की रांग विस्कटते. आपण हाजी अलीहून ताडदेव, नाना चौक, गावदेवी असं सपाटीने जायचं आणि चौपाटीला उतरायचं. गावदेवीतून जाताना मणिभवन डाव्या-उजव्या गल्लीत कुठेतरी जवळच असतं. १९१७ ते १९३४ मुंबईत आले की गांधीजी तिथे उतरत. ताडदेव-गावदेवीत इमारती आणि रुग्णालयं रस्त्याला लागून आहेत, म्हणून या पट्ट्यात आमची हजेरी कुजबुजत होते. "को जागर्ति" हळू आवाजात जास्तच छान वाटतं.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. कोस्टल रोडच्या फाट्यांवर भलतीकडे शिरणं. कोस्टल रोड, वांद्रे-वरळी सागरी सेतू, पूर्व मुक्त मार्ग आणि जे. जे. उड्डाणपूल या चारही ठिकाणी सायकलला मनाई आहे. रात्री रस्ता मोकळा आणि गुळगुळीत दिसतो, मोह होतो, आणि एकदा आत गेलात की वळायला जागा नाही, मागून गाड्या सुसाट. फोनमधला नकाशा पुष्कळदा मोटारीचा रस्ता दाखवत असतो. त्या रात्री नकाशा खिशात ठेवा आणि लीडच्या मागे जा.

चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत मरीन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटरच्या आसपास. सायकल रस्त्यावरच, डाव्या कडेने. समुद्राकाठचा फूटपाथ चालणाऱ्यांचा आहे, तिथे सायकल हातात धरून न्यायची. टॅक्सी थांबलेली दिसली की तिच्यापासून हातभर लांबून जा, दार कधीही उघडतं. आमचा मोठा थांबा इथेच, दूध इथेच. दुधाबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

साडेबारानंतर मंत्रालयावरून रीगल, मग गेटवे. गेटवे ऑफ इंडियाचं बांधकाम १९२४ मध्ये पुरं झालं. शंभरी ओलांडलेली ती कमान चंद्राच्या उजेडात बाहेरूनच बघायची, आवारात सायकली घेऊन शिरायचं नाही. तिथून काळा घोडा, हुतात्मा चौक. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, १८७८ चा, डाव्या हाताला झाडांमागे वर आलेला असतो.

काळ्या घोड्याच्या थांब्यावर मी नव्या मंडळींना एक हकिकत सांगते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या प्रदक्षिणेला निघाले. त्यांच्यातले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, प्रदक्षिणा पुरी करून मार्च १९२८ मध्ये घरी परतले. साडेचार वर्षं, वाळवंटं, बर्फाचे घाट. ज्या शहरातून ते निघाले त्याच्या रस्त्यांवर, त्याच ऑक्टोबरात आपण तीस किलोमीटर करतोय. हे ऐकून थकलेला माणूसही पुन्हा सीटवर बसतो, असा माझा अनुभव आहे.

फोर्टात दीड-दोन वाजता रस्ता आपलाच वाटतो, आणि तेव्हाच आवाज सांभाळायचा. फूटपाथवर, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं झोपलेली असतात. दिव्याचा झोत त्यांच्या तोंडावर जाऊ देऊ नका, घंटी वाजवू नका. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर शेवटचा फोटो. १८८८ साली उभ्या राहिलेल्या या इमारतीला २००४ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि रात्रीच्या रोषणाईत तिच्या दगडातली पानंफुलं दिवसापेक्षा स्पष्ट दिसतात.

परतताना क्रॉफर्ड मार्केटवरून जे. जे. पुलाच्या खालून, महंमद अली रोडने भायखळा, मग डॉ. आंबेडकर मार्गाने लालबाग, परळ, दादर टीटी. सगळे मिळून अंदाजे तीस किलोमीटर. पुलाखालच्या रस्त्यावर खांब, हातगाड्या आणि लगबग असते. एकेरी रांग, वेग निम्मा. लालबागनंतर डंपर आणि पाण्याचे टँकर भरधाव येतात, त्यांना वाट द्यायची, त्यांच्याशी बरोबरी करायची नाही. दादरला येईपर्यंत पहाट लागायला आलेली असते आणि फुलबाजाराकडे झेंडू-शेवंतीच्या गोण्या उतरायला लागतात.

हे सगळं जास्त वाटतंय? मग चौपाटी ते गेटवे आणि परत चौपाटी एवढंच करा, बारा किलोमीटरच्या आत होतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी पहिल्या वर्षी एवढंच केलं.

एकत्र चालवण्याची रीत

दहा जणांमागे दोन जाणती माणसं हवीत. एक लीड, सगळ्यांत पुढे, जो रस्ता आणि वेग ठरवतो. एक स्वीप, सगळ्यांत मागे, ज्याच्याकडे पंप, ट्यूब आणि प्रथमोपचाराची पेटी असते. लीडच्या पुढे कोणी जायचं नाही, स्वीपच्या मागे कोणी राहायचं नाही.

पहिल्या वर्षी आमच्याकडे स्वीप ठरलेला नव्हता. चौपाटीला हजेरी घेतली. "पाच!", "सहा!", मग शांतता, आणि मग "आठ!". सातवा कॉलेजचा मुलगा होता, पहिल्यांदाच आलेला. फोन लागेना. आम्ही तिघं उलट फिरलो. तो ताडदेवला एका बंद दुकानाच्या फळीशी उभा होता, चेन पडलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. "तुम्ही सगळे मजेत होतात, हाक मारून थांबवायचं कसं, म्हणून बोललो नाही," म्हणाला. शेजारच्या पानवाल्याने त्याला पाण्याची बाटली देऊन बसवून ठेवलं होतं. चेन चढवायला मिनिट लागलं नाही. त्या मुलाचं वाक्य मी दर वर्षी नव्यांना सांगते आणि त्यांच्याकडून कबूल करून घेते की काहीही झालं, चेन पडली, पोटरीत गोळा आला, नुसती भीती वाटली, तरी मोठ्याने "थांबा" म्हणायचं. तो मुलगा आता आमचा स्वीप आहे.

रांगेतल्या हाका सोप्या आहेत. पुढच्याने "खड्डा" म्हटलं की प्रत्येकाने ते मागे पोचवायचं. "गाडी" म्हणजे मागून गाडी येते आहे, एकेरी व्हा. "थांबतोय" म्हणजे ब्रेक. हाकेबरोबर हात: खड्ड्याकडे बोट, वळायच्या बाजूला आडवा हात, थांबताना तळवा मागे. अचानक ब्रेक मारू नका आणि पुढच्यापासून सायकलभर अंतर ठेवा. सिग्नल रात्रीही पाळायचा. निम्मी रांग हिरव्यात गेली आणि निम्मी अडकली तर पुढच्यांनी सिग्नल ओलांडून कडेला थांबायचं.

रस्त्यात काय बघायचं तेही सांगते. पेव्हर ब्लॉकच्या फटी, गटारावरच्या जाळ्या (बारीक टायर आत रुततं), खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे. पत्रा दवाने किंवा एखाद्या सरीने ओला असला की त्यावर वळायचं नाही, ब्रेकही नाही. सरळ, पायडल थांबवून पार व्हायचं. भटकी कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका. सावकाश व्हा, गरज पडली तर उतरून सायकल मध्ये धरा. ती बहुतेक धावत्या चाकामागे लागतात, चालणाऱ्या माणसाला सोडून देतात.

नाकाबंदीला थांबवलं तर दिवे दाखवा, कुठून कुठे ते सांगा. गट मोठा असेल तर ज्या हद्दीतून निघणार त्या पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवून ठेवा. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेला १०८. दोन्ही आकडे निघण्याआधी सगळ्यांना पाठ म्हणायला लावते मी.

दूध

दहा माणसांना तीन लिटर म्हशीचं दूध. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर, पाऊणपट होईपर्यंत आटवायचं, साय मोडत राहायची. साखर पाव किलोपेक्षा थोडी कमी. केशर कोमट दुधात आधी भिजवून, बदाम-पिस्ते भरड, मूठभर चारोळी, वेलची शेवटी. जायफळ मात्र चिमटीएवढंच. घरी गच्चीत कोजागिरी असते तेव्हा जायफळाची गुंगी गोड लागते. इथे अजून पंधरा किलोमीटर बाकी असतात.

नेण्यात चूक होते ती अशी. लोक दूध कोमट झाल्यावर प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरतात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ते दोन तासांत फाटतं. एक तर उकळतं दूध गरम पाण्याने विसळलेल्या थर्मासमध्ये भरा, नाहीतर फ्रिजमध्ये पूर्ण गार करून बर्फाच्या पिशवीत न्या. अधलंमधलं नको. कॅरिअरवर थर्मास आडवा बांधू नका, उभा, आणि झाकणावर फडकं घट्ट. सगळ्यांत सोपं म्हणजे जे सायकल चालवत नाहीत त्यांना दूध घेऊन टॅक्सीने मरीन ड्राइव्हला बोलवा. आमच्याकडे आई-वडील, बायका-नवरे असे सात-आठ जण येतात आणि आमच्याआधी कठड्यावर जागा धरून बसतात.

कागदी पेले नकोत. प्रत्येकाने घरून स्टीलचं फुलपात्र आणायचं, पिशवीत रुमालात गुंडाळून. दूध ओतल्यावर लगेच पिऊ नका. फुलपात्र दोन्ही हातांत स्थिर धरा, रस्त्यावरच्या दिव्यांकडे पाठ करा, साय बाजूला सारा. मधोमध चंद्र उतरतो, हलतो, थांबतो. मग प्या.

उपास धरला असेल तर नुसत्या दुधावर निघू नका. साडेआठला राजगिऱ्याचा लाडू, केळं, साबुदाण्याची खिचडी, जे चालतं ते खाऊन या. पाणी प्रत्येकी दीड लिटर, त्यात एक बाटली लिंबू-मीठ-साखरेची. शेंगदाण्याची चिक्की खिशात.

त्या रात्री मरीन ड्राइव्हवर सायकलवर चहा विकणारे फिरत असतात, हँडलला पिशव्या, मागे चहाची टाकी. त्यांना दूध द्यायला विसरू नका. आमच्या हजेरीत शेवटचा आकडा झाला की एक चहावाले दादा दर वर्षी स्वतःहून पुढचा आकडा ओरडतात. ते तर रोजच जागे असतात. निघताना आपला कचरा, चारोळीच्या पुडीपासून सगळा, आपल्या पिशवीत.

घरी पोचणं

ठाणे, डोंबिवली, बोरिवलीकडच्यांनी आपली सायकल आणण्यापेक्षा इथे भाड्याने घेणं सोयीचं. लोकलने आणायचीच तर गर्दीची वेळ टाळून, लगेजच्या डब्यातून, आणि तिकीट खिडकीवर लगेजबद्दल आधी बोलून. शनिवार-रविवारची रात्र असेल तर ब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद, आहे का ते बघा. तीनला फेरी संपते आणि पहिल्या लोकल चारच्या पुढे सुरू होतात. तेवढा वेळ दादरमध्ये कोणाच्या घरी बसायचं ते आधी ठरवून ठेवा. स्टेशनवर एकट्याने ताटकळू नका.

दादर टीटीला पूर्वेकडचे सुटतात, पश्चिमेचे टिळक पुलावरून एकत्र जातात. एकटं कोणीच सुटत नाही, बाई असो वा पुरुष. एका दिशेची दोन-दोन, तीन-तीन माणसं जोडून देतो आणि शेवटच्याच्या इमारतीच्या फाटकापर्यंत सोबत असते. घरी गेल्यावर सायकल कोरड्या फडक्याने पुसा, चेनला तेलाचे चार थेंब द्या. खारा वारा एका रात्रीत गंज धरवतो. दिव्यांच्या माळेची बॅटरी काढून ठेवा, दिवाळीला लागेल.

आणि झोपण्याआधी गटाच्या व्हॉट्सॲपवर फक्त आपला आकडा टाका. एक, चार, नऊ, जसे पोचतील तसे. लीडने तोपर्यंत फोन हातात धरून बसायचं. शेवटचा आकडा आला की दिवा मालवायचा.